कुटुंबाला कोंडायचं नाही, तर मग काय? आश्रय मागणाऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतले वकील, समाजकार्याचे विद्यार्थी, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते आणि महापालिकेच्या शाळांतले शिक्षक यांच्यासाठी आहे. परदेशातून जीव वाचवून आलेलं एखादं कुटुंब समोर उभं राहिलं की हेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात. कायद्याचं बोलणं शक्य तितकं साध्या भाषेत ठेवलं आहे. प्रत्यक्ष खटल्यात मात्र वकिलाचा सल्ला घ्यायलाच हवा.

आश्रय मागणारं कुटुंब म्हणजे नेमकं कोण?

मायदेशी परत गेलो तर वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटामुळे छळ होईल, असं सांगून दुसऱ्या देशाकडे संरक्षण मागणारा माणूस म्हणजे आश्रयार्थी. त्याचा दावा तपासून मान्य झाला की तो निर्वासित. ही व्याख्या १९५१ च्या निर्वासित करारातली आहे. भारताने तो करार केलेला नाही, १९६७ चा पूरक करारही नाही, आणि आपल्याकडे आश्रयाचा वेगळा कायदाही नाही.

याचा परिणाम असा, की आपल्या कायद्यात व्हिसा संपलेला पर्यटक आणि बॉम्बखालून निसटलेली बाई एकाच खान्यात बसतात: विनापरवाना परदेशी नागरिक. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या जागी २०२५ चा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला, पण हा खाना तसाच राहिला. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं काम केंद्र सरकार स्वतः पाहतं. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांचे दावे यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचं दिल्लीतलं कार्यालय तपासतं. त्या कार्यालयाचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हे कुटुंबाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. पण ते कार्ड निरुपयोगीही नाही. माणूस कोण आहे, कुठून आला, त्याचा दावा कुठे चालू आहे, हे त्यातून न्यायाधीशाला एका नजरेत कळतं.

आईवडील सोबत असतील तर मुलांना कोंडण्यात एवढं वाईट काय?

लहान मुलाचं सगळं जग म्हणजे आईबाप. जेवण कधी, झोप कधी, बाहेर कधी जायचं हे ते ठरवतात, म्हणून मूल निर्धास्त असतं. कोठडीत त्याला दिसतं की आई पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागते आणि गणवेशातल्या माणसाला बघून बाबा गप्प होतात. आईच्या कुशीत असूनही त्याचा आधार गेलेला असतो. मग आठ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो, बोलकी मुलगी मुकी होते, अंगावर पिणारं बाळ दूध सोडतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये लेखी भूमिका घेतली, की थोड्या काळाची स्थानबद्धताही मुलांच्या मनावर आघात करते आणि आईबापांसोबत ठेवल्याने तो टळत नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने स्थलांतरित कामगारांच्या समितीसोबत स्पष्ट केलं, की आईबापांच्या किंवा स्वतःच्या परवान्यांच्या स्थितीमुळे मुलाला कोंडणं हे कधीच त्याच्या हिताचं नसतं. बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे. निर्वासित करारावर सही नाही, हे कारण इथे चालत नाही.

पण सोडलं तर ही माणसं पळून जाणार नाहीत का?

हा प्रश्न पोलीस, न्यायाधीश, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे विचारतात, आणि तो रास्त आहे.

उत्तर म्हणून एक प्रयोग पाहा. अमेरिकेत जानेवारी २०१६ ते जून २०१७ या काळात पाच महानगर भागांत आश्रय मागणाऱ्या कुटुंबांना कोठडीऐवजी एकेक केसवर्कर, म्हणजे त्या कुटुंबाला भेटत राहून मदत करणारा कार्यकर्ता, दिला गेला. गरोदर बायका, लहान मुलं, आघात झालेली माणसं असलेल्या साडेनऊशेच्या आसपास कुटुंबांनी त्यात भाग घेतला. सरकारी हजेऱ्या आणि न्यायालयाच्या तारखांना उपस्थिती ९९ टक्क्यांच्या घरात होती. खर्च दर कुटुंबामागे दिवसाला सुमारे ३६ डॉलर. त्याच काळात कौटुंबिक स्थानबद्धता केंद्रातल्या एका माणसावर दिवसाला ३०० डॉलरहून जास्त खर्च होत होता. प्रयोग बंद झाला तो सरकारचं धोरण बदललं म्हणून. कुटुंबं पळाली म्हणून नव्हे.

आश्रय मागणाऱ्याला निकाल हवाच असतो. लपून राहिला तर त्याचा दावा बुडतो, मुलाची शाळा सुटते, पुढच्या देशात जाण्याची वाट बंद होते. तरीही काही कुटुंबं नाहीशी होतात. त्यामागची कारणं पाहिली तर बहुतेक वेळा तीनच सापडतात: पुढे काय होणार हे कोणी सांगितलं नाही, भाडं थकल्याने घर बदलावं लागलं आणि नवा पत्ता कळवला गेला नाही, किंवा एजंटने "कोर्टात गेलात तर उचलतील" अशी भीती घातली. या तिन्हींवर कुलूप हा इलाज नाही. ज्याला आपलं म्हणणं कोणीतरी ऐकणार असा भरवसा वाटतो, तो तारखेला येतो.

कोठडीला "पर्याय" कशाला म्हणायचं आणि कशाला नाही?

दार आतून उघडतं का, हे आधी बघा. ते आतून उघडत नसेल तर भिंतींवर कार्टून रंगवलेलं केंद्रही कोठडीच.

दुसरी कसोटी: कुटुंब एकत्र आहे का? बापाला आत ठेवून आई आणि मुलांना आश्रयगृहात पाठवलं तर त्याला पर्याय म्हणणं ही फसवणूक आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये सीमेवर मुलांना आईबापांपासून तोडलं गेलं, तेव्हा सगळ्या जगाने त्याचा परिणाम पाहिला.

तिसरी कसोटी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांना एरवीही मोकळंच सोडलं असतं, अशांच्या पायात ठावठिकाणा कळवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा अडकवायचा आणि "आम्ही पर्याय वापरतो" म्हणायचं, असं अनेक देशांत झालं आहे. त्याने कोठडीतली माणसं कमी होत नाहीत, बाहेरच्यांवर पहारा तेवढा वाढतो.

केसवर्कर नेमकं काय करतो?

संपूर्ण पद्धतीचा कणा हाच, म्हणून इथे जरा तपशिलात जाऊ.

पहिल्या भेटीत चौकशी कमी आणि व्यवस्था जास्त. आज रात्री झोपायचं कुठे, बाळाला दूध आहे का, कोणाचं औषध चुकलंय का, फोन चालू आहे का. पळून येण्याची कहाणी पहिल्या दिवशी काढून घेऊ नका. ती वकिलासमोर, दुभाष्याच्या मदतीने, एकदाच आणि नीट सांगितली जावी. पाच जणांना पाच वेळा सांगितली की तपशील थोडे थोडे सरकतात. आघातातून गेलेल्या माणसाचं हे अगदी स्वाभाविक असतं, पण फाइलमध्ये ती "विसंगती" ठरते.

दुभाषी निवडताना फार चुका होतात. मुलाला दुभाषी करू नका. आईवर झालेला अत्याचार दहा वर्षांच्या मुलीने भाषांतर करून सांगायचा, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. नवराही नको, काही गोष्टी बायको त्याच्यासमोर बोलणार नाही. भाषा नेमकी विचारा: अफगाणी म्हणजे दारी की पश्तो? म्यानमारचे चिन म्हणजे हाखा, तेदिम की फालाम? रोहिंग्या माणसासमोर बांगला बोलणारा दुभाषी बसवला तर निम्मं कळतं, निम्मं निसटतं, आणि उत्तरं बांगलात लिहिली गेल्यामुळे कागदावर तो बांगलादेशी होऊन बसतो.

नावाचंही तसंच. बर्मी लोकांना आडनाव नसतं. "ऊ" आणि "दॉ" हे त्यांच्याकडे आपल्या श्री आणि श्रीमतीसारखे मानाचे शब्द आहेत. आपल्या फॉर्मला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने लागतात, मग कारकून "दॉ" हेच पहिलं नाव म्हणून लिहितो आणि उरलेलं नाव दोन रकान्यांत तोडतो. दवाखान्याच्या केसपेपरवर एक नाव, पोलीस ठाण्यात दुसरं, यूएनएचसीआरच्या कार्डावर तिसरं. सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, "कागद बनावट आहेत." म्हणून पहिल्याच आठवड्यात एका कागदावर प्रत्येकाचं नाव त्यांच्या लिपीत, इंग्रजीत आणि देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहून काढा आणि प्रत्येक अर्जाला तो जोडा. अनेक अफगाणांच्या कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नेमकी तारीख नोंदलेलीच नसते. तेही याच कागदावर एका ओळीत स्पष्ट करा.

मग फाइल. प्लॅस्टिकची, बटण असलेली, पावसात भिजणार नाही अशी. आत प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, प्रत्येकाचे आठ पासपोर्ट फोटो, आणि सगळ्याचे स्कॅन केसवर्करच्या फोनवर. मूळ कागद कुटुंबाकडेच राहतील. संस्थेने मूळ कागद ठेवून घेतले की विश्वास त्याच दिवशी संपतो.

एका केसवर्करकडे पंधरा नवी कुटुंबं, किंवा रुळलेली असतील तर पंचवीस, यापेक्षा जास्त देऊ नयेत असं आमचं ठाम मत आहे. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक घरभेट, नंतर पंधरवड्याला एक, आणि प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी फोन. चाळीस कुटुंबं दिली की भेटींचे नुसते फोन होतात, फोनचे मेसेज होतात, आणि मेसेज कोणी वाचत नाही.

तारखा चुकतात त्या कशामुळे?

किल्ला कोर्टात सकाळी अकरा वाजता एक कुटुंब वेळेवर येऊन बाकावर बसलंय अशी कल्पना करा. शिपाई नावाचा पुकारा करतो, पण त्याच्या तोंडी ते नाव असं होतं की ज्याचं आहे त्यालाही ओळखू येत नाही. कोणी उठत नाही. रोजनाम्यात "आरोपी गैरहजर" लागतं आणि वॉरंट निघतं. माणूस दहा फुटांवर बसलेला असतो.

यावर तीन साधे उपाय आहेत. कामकाज सुरू होण्याआधी बेंच क्लार्कला भेटून "पक्षकार हजर आहे" असं सांगणं. उच्चारासह देवनागरी नाव लिहिलेली चिठ्ठी देणं. आणि पुकाऱ्याच्या वेळी मराठी समजणारं कोणीतरी शेजारी बसणं.

तारखेचं कार्ड बनवा. पोस्टकार्डाएवढं, जाड कागदाचं. त्यावर वार, तारीख, वेळ, कोर्टाचं नाव, मजला, खोली क्रमांक, जवळचं स्टेशन आणि पूर्व की पश्चिम, वकिलाचा नंबर, आणि खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक. हा क्रमांक ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. तारीख त्यांच्या पंचांगातही लिहा. अफगाण माणूस सौर हिजरी वर्ष मोजतो: १३ ऑक्टोबर २०२५ म्हणजे त्याच्या लेखी १४०४ सालच्या मीजान महिन्याची २१ तारीख. "१३/१०" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीचा त्याला काही बोध होत नाही.

पावसाळ्यात हार्बर बंद पडली तर? निघण्याआधी वकिलाला फोन करून गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायला सांगा आणि तरीही पोहोचायचा प्रयत्न करा. वॉरंट निघालंच तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी स्वतः हजर होऊन ते रद्द करून घ्या. आठवडा गेला की तेच वॉरंट "फरार" म्हणून वाचलं जातं.

जामीन मिळाला, पण जामीनदार नाही. आता?

मुंबईत जामीनदार म्हणजे रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा ऐपतीचा दाखला असलेला माणूस. परदेशातून आलेल्या कुटुंबाला असा माणूस कुठून मिळणार? कोठडीतले कितीतरी दिवस जामीन मंजूर झाल्यानंतरचे असतात, आणि हे अत्यंत अन्यायाचं आहे.

वकिलाने अर्ज करतानाच जातमुचलका (जामीनदाराशिवाय स्वतःच लिहून दिलेली हमी) किंवा मर्यादित रोख अनामत मागावी. आधार म्हणून १९७८ चा मोतीराम खटला आहे. त्यात एका गवंड्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि त्याच्या भावाची हमी नाकारली, कारण मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चूक ठरवून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं.

आसामात न्यायाधिकरणांनी परदेशी ठरवलेल्यांचा मामला वेगळा आहे, ते आश्रय मागणारे नव्हेत. पण तिथलं उदाहरण उपयोगी पडतं. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं कोठडीत काढलेल्यांना एक-एक लाखाच्या दोन जामिनांवर सोडायला परवानगी दिली. तेवढी रक्कम गरिबाला झेपणारी नव्हती. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, मुदत दोन वर्षांवर आणि रक्कम पाच हजारांवर आली. रक्कम कमी करता येते, आणि न्यायालयाने ती केलेली आहे.

मोबाइलवरून पाळत किंवा पायात पट्टा चालेल का?

आमचं उत्तर: कुटुंबांसाठी नाही. अमेरिकेत पट्टे आणि फोन अ‍ॅपचा वापर फार आहे. पट्टा रोज चार्ज करावा लागतो, भिंतीतल्या सॉकेटशेजारी बसून. चाळीत दिवे गेले की त्या माणसाच्या नावावर नियमभंगाची नोंद. मूल विचारतं, "बाबांनी काय चोरलं?"

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नायजेरियन नागरिकाच्या खटल्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. तपास अधिकाऱ्याला सतत आपलं ठिकाण दिसेल अशी गुगल मॅपची पिन टाकण्याची अट खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे. आणि "हा देश सोडणार नाही" असं वकिलातीचं प्रमाणपत्र आणण्याची अट सक्तीची करता येत नाही, कारण ते मिळवणं आरोपीच्या हातात नसतं. आश्रय मागणाऱ्यासाठी दुसरा मुद्दा तर जिवाचा आहे. ज्या सरकारच्या छळापासून तो पळाला, त्याच सरकारच्या दूतावासात त्याला पाठवणं म्हणजे त्याचा आणि मागे राहिलेल्या नातलगांचा पत्ता देणं. अशी अट टाकली गेली तर ती लगेच बदलून मागा.

पोलीस ठाण्यातली हजेरी किती वेळा असावी?

जेवढी खरंच लागेल तेवढीच. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वेळी, घराजवळच्या ठाण्यात, ही अट कुटुंबाला पेलते. रोजची हजेरी पेलत नाही, कारण रोजंदारीवरच्या बापाचा खाडा होतो आणि महिनाभरात भाडं थकतं. मग घर बदलतं, पत्ता हरवतो. म्हणजे अटच कुटुंबाला पळवते. प्रत्येक हजेरीची सही-शिक्क्याची नोंद एका छोट्या वहीत घ्या. ठाण्यातला अंमलदार बदलला की जुनं काही कोणाला आठवत नाही, वही मात्र बोलते.

मुलांना बालकल्याण समितीसमोर नेलं तर ती आईपासून तुटतील का?

तुटू शकतात, आणि ही भीती खरी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला २४ तासांत समितीसमोर हजर करायचं असतं. समितीने मुलाला बालगृहात पाठवलं तर एक भाऊ एका संस्थेत, मोठी बहीण दुसऱ्या संस्थेत आणि आई तिसरीकडेच, असं होऊ शकतं.

पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मूलभूत तत्त्वं आहेत. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि कुटुंबात राहणं हा मुलाचा हक्क. म्हणून समितीसमोर रिकाम्या हाताने जाऊ नका. सोबत न्या: राहण्याच्या जागेचा पत्ता आणि ती देणाऱ्याचं लेखी पत्र, केसवर्करचं नाव आणि नंबर, शाळाप्रवेशाचा कागद किंवा निदान मुख्याध्यापकांचं पत्र, आणि आईबाप हेच पालक असल्याचा जो काही पुरावा असेल तो. मागणी नेमकी करा: "मुलांना पालकांच्या ताब्यात ठेवून देखरेखीचा आदेश द्यावा." समितीतले सदस्य बहुतेकदा आदेश द्यायला तयार असतात, त्यांना फक्त जबाबदारी घेणारं कोणीतरी समोर हवं असतं.

आई कारागृहात असेल तर सहा वर्षांपर्यंतची मुलं तिच्यासोबत राहू शकतात, असं २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ती अडचणीतली सोय आहे. तिला पर्याय समजू नका.

राहायचं कुठे? खोली कोण देणार?

मुंबईत हा सगळ्यात अवघड भाग. परदेशी माणसाला जागा देणाऱ्याने २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची असते. घरमालक त्याला घाबरतात, म्हणून नोंद कशी करायची हे त्यांच्यासोबत बसून दाखवा. बहुतेकांची भीती फॉर्म भरून झाला की जाते. धर्मादाय न्यासांच्या खोल्या, गुरुद्वारा, चर्च आणि मशिदींचे ट्रस्ट, हे पहिल्या महिन्यासाठी उपयोगी पडतात. त्यानंतर स्वतःचं दार असलेली छोटी खोली हवी. डिपॉझिट संस्थेने भरायचं असेल तर करार आणि पावती संस्थेच्या नावे घ्या, नाहीतर घर सोडताना ती रक्कम बुडते. आणि जागा शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर बघा.

शाळा आणि दवाखाना?

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या "प्रत्येक बालकासाठी" आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. महापालिकेच्या उर्दू आणि हिंदी माध्यमाच्या शाळा अफगाण मुलांना लवकर जमतात. दवाखान्यात पहिल्याच भेटीत लसीकरणाचं कार्ड करून घ्या, पुढे प्रत्येक ठिकाणी ते लागतं.

मदत केली म्हणून आमच्यावर गुन्हा दाखल होईल का?

उघडपणे केलेली मदत आणि लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद करा, वकिलाला कळवा, पत्ता खरा द्या. कुटुंबाला लपवू नका आणि "आधार काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास नव्या कायद्यात किमान दोन वर्षं कैद आहे. खरा दावा असलेली कितीतरी कुटुंबं केवळ एका खोट्या कार्डामुळे बुडतात.

इतर देशांनी काय केलं?

बेल्जियमने ऑक्टोबर २००८ पासून मुलं असलेल्या कुटुंबांना साध्या घरांत ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक कुटुंबामागे एक मार्गदर्शक, मुलं शाळेत, बाजारहाट स्वतःचा. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने ब्रसेल्स विमानतळालगत पुन्हा बंद केंद्र काढलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मुलांना ठेवण्याची ती परवानगी स्थगित केली, कारण विमानांचा आवाज.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण थायलंडचं, कारण त्यांनीही निर्वासित करार केलेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या सात सरकारी खात्यांनी मुलांना इमिग्रेशन कोठडीत न ठेवण्याचा करार केला. उणीवही मोठी आहे: आईला सुटकेसाठी पन्नास हजार बाथ जामीन भरावा लागतो आणि बाप बरेचदा आतच राहतो. चांगलं धोरण जामिनाच्या रकमेपाशी अडकतं, हे तिथेही दिसलं.

ऑस्ट्रेलियाने १९९२ मध्ये सक्तीची स्थानबद्धता आणली. २००५ मध्ये कायदा बदलून त्यांनी कुटुंबांना वस्तीत राहू देण्याची सोय केली. अमेरिकेने २०२१ मध्ये कौटुंबिक स्थानबद्धता थांबवली आणि २०२५ मध्ये टेक्सासात पुन्हा सुरू केली. सरकार बदललं की हे सारं उलटू शकतं, म्हणूनच आपल्याकडे हे नुसत्या परिपत्रकापेक्षा कायद्यात यायला हवं.

आपली न्यायालयं काय म्हणतात?

संविधानाचं कलम २१ "व्यक्ती"ला लागू आहे, फक्त नागरिकाला नव्हे. पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. १९९४ सालच्या एका याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने, यूएनएचसीआरने निर्वासित मानलेल्या इराणी माणसाला इराणला धाडण्याचा प्रश्न येत नाही, अशी भूमिका घेतली. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला यूएनएचसीआरकडे सुरक्षित जाऊ दिलं. उलट बाजूही सांगायला हवी. त्याच्या महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांना दिलासा नाकारला. मात्र ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय परत पाठवू नये, असं बजावलं. वकिलाने दोन्ही निकाल हाताशी ठेवावेत.

दावा फेटाळला गेला तर?

तरीही कोठडी हे आपोआप येणारं उत्तर नाही. फेरविचार मागता येतो, दुसऱ्या देशात जाण्याच्या वाटा तपासता येतात, आणि परतणं सुरक्षित असेल तर तयारीसाठी वेळ देता येतो. मुलाचं शाळेचं वर्ष संपू देणं, औषधांचा साठा, तिकडे उतरल्यावर कोण न्यायला येणार, हे ठरलेलं असलं की कुटुंब स्वतःच्या पायांनी विमानात बसतं. केसवर्कर पहिल्या दिवसापासून खरं बोलत आला असेल, तरच हे बोलणं शक्य होतं. "काळजी करू नका, होईल सगळं" असं सांगत राहिलेल्या माणसावर या टप्प्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आज रात्री फोन आला, "आम्हाला पोलीस ठाण्यात नेलंय". काय करायचं?

कोणतं ठाणं, किती माणसं, मुलांची वयं, कोणी आजारी किंवा गरोदर आहे का, हे लिहून घ्या आणि वेळ टाका. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. हे शांतपणे विचारा. आवाज चढवू नका, रात्री अंमलदारही थकलेला असतो. अटकेची कारणं लेखी आणि समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ती प्रत मागा. अटक झाली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेणं बंधनकारक आहे.

मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करा. बाई आणि बालक यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा मिळते. मुलं असतील तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवा. यूएनएचसीआरच्या कार्डाचा फोटो ठाणे अंमलदाराला दाखवा आणि वकिलालाही पाठवा. दूतावासाला फोन करण्याचा आग्रह झाला तर "यांचा आश्रयाचा दावा आहे, वकील येईपर्यंत थांबा" एवढंच सांगा, आणि शक्य असेल तर लेखी द्या.

जाताना सोबत न्या: नावांचा तो तीन लिप्यांतला कागद, फाइलच्या झेरॉक्स, फोनचा चार्जर, बाळाचं दूध, सॅनिटरी पॅड, एक चादर, बिस्किटं आणि दुभाष्याचा नंबर. दुभाषी येऊ शकत नसेल तर फोन स्पीकरवर ठेवून बोलणं करा, पण दुभाष्याशिवाय कोणत्याही कागदावर सही होऊ देऊ नका.